चर्चच्या केंद्रात दर गुरुवारी चाळीस पोरांचं जेवण. खान्देशी काय जमेल?

केळीबाग | ११ जानेवारी, रात्री १०:२०

राम राम मंडळी.

मी फैजपूरची. डिसेंबरात मुलाकडे शेफील्डला आले, मे अखेरपर्यंत आहे. मुलगा-सून सकाळी आठला घराबाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. अंधार इथे चार वाजताच पडतो म्हणा.

घराच्या कोपऱ्यावर एक जुनं चर्च आहे. त्यांनी मागच्या हॉलमध्ये तरुण पोरापोरींसाठी केंद्र काढलंय. दर गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठातली मुलं येतात, टेबल टेनिस खेळतात, गप्पा मारतात, साडेसहाला एकत्र जेवतात. कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा, कोणी विचारत नाही. एकदा सून मला तिथे चहाला घेऊन गेली आणि त्यांच्या किचनवाल्या बाईंना म्हणाली, ‘आमच्या सासूबाई फार छान स्वयंपाक करतात.’ आता सुनेनं चारचौघांत कौतुक केल्यावर नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? येत्या गुरुवारपासून मी आहे.

अडचण अशी की चाळीस जणांचा स्वयंपाक मी एकटीनं आयुष्यात केलेला नाही. आपल्याकडे भंडाऱ्याला चारशे पानं उठतात, पण ते आचाऱ्याचं काम. आम्ही बायका परातीभोवती बसून पोळ्या लाटणाऱ्या.

खर्चाला साठ पौंड मिळतात. सहा विजेच्या शेगड्या, दोन दांडगे ओव्हन, दोन वीस-वीस लिटरची पातेली आहेत. कुकर नाही. मदतीला दोन मुलं असतात, कांदा चिरायला बसवलं की रडायला लागतात. मांस नको हे त्यांनीच सांगितलं, म्हणजे हलालचाही प्रश्न येत नाही.

माझ्या मनात शेवभाजी आणि पोळ्या आहेत. काय म्हणता?

---

भुसावळ_जंक्शन | ११ जानेवारी, रात्री १०:४१

चाळीस जणांच्या पोळ्या? माणशी तीन धरल्या तरी एकशेवीस. विजेच्या शेगडीवर. मावशी, गुरुवारी सुरू करा, शुक्रवारी वाढा.

---

तापीकाठ | ११ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, भलतं चांगलं काम करी राहिनात. पोळ्या सोडा, पाव आणा. जळगावात शेवभाजी पावासोबत खाणारे काय कमी आहेत?

---

लंडनचा_जामनेरकर | १२ जानेवारी, पहाटे १:१५

काकू, स्वयंपाकाआधी दोन रुक्ष गोष्टी.

पहिली, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर असणार. त्या व्हिसावर इथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत बिनपगारी सेवा करता येते, पण एकूण ३० दिवसांच्या आत. आठवड्यातून एक दिवस म्हणजे मेपर्यंत वीस दिवस होतील, चिंता नाही. फक्त चर्चची तशी नोंदणी आहे ना, ते विचारून घ्या. आणि प्रेमानं का होईना, मोबदला म्हणून पैसे घेऊ नका.

दुसरी, ॲलर्जी. इथे कायद्यानं चौदा पदार्थांची यादी आहे. शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, अंडं, सोयाबीन, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सेलरी... यातलं काही जेवणात असेल तर खाणाऱ्याला ते कळलं पाहिजे. आता या यादीकडे खान्देशी डोळ्यांनी बघा. शेंगदाणे, तीळ, मोहरी. आपला निम्मा डबा तिथेच संपला.

---

केळीबाग | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

तो चौदा चौकटींचा तक्ताच बाईंनी माझ्या हातात दिलाय! मला वाटलं हजेरीपट आहे.

शेंगदाण्याशिवाय मी काय शिजवू रे? आमच्याकडे तर तेलही शेंगदाण्याचंच.

---

लंडनचा_जामनेरकर | १२ जानेवारी, सकाळी ९:५८

तेलसुद्धा यादीत येतं, सूर्यफुलाचं घ्या. मोहरीऐवजी नुसतं जिरं. खोबरं मात्र त्या चौदांत नाही, ते बिनधास्त वापरा. आणि हिंगाची डबी उलटी करून वाचा. डबीतला हिंग शुद्ध नसतो, बहुतेक वेळा त्यात गव्हाचं पीठ असतं. गहू न चालणारं पोर असलं तर चिमूटभर हिंगानंही त्याला त्रास होईल. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो.

---

केळीबाग | १२ जानेवारी, सकाळी १०:१०

वाचलं. आहे गव्हाचं पीठ. पन्नास वर्षं हिंग टाकतेय, डबी कधी वाचली नव्हती.

---

केळीबाग | १७ जानेवारी, सकाळी ११:००

काल पहिला गुरुवार झाला. आधीच सांगते, फसला.

कांदा-खोबरं ओव्हनमध्ये भाजलं, ते सुरेख झालं. बहिणीनं बांधून दिलेला काळा मसाला घातला. तर्री अशी आली की फोटो काढून फैजपूरला पाठवला. मग घाई झाली, रांग लागली आणि मदतीच्या मुलानं दोन किलो शेव एकदम पातेल्यात ओतली. मी ‘अरे नको नको’ म्हणेपर्यंत खेळ खलास. दहाव्या मिनिटाला पातेल्यात बेसनाचा लगदा, डाव उभा राहील असा.

आणि तिखट! मी माझ्या मते कमीच घातलं होतं. एक गोरा मुलगा घास घेऊन लालबुंद झाला आणि मला म्हणाला, ‘लव्हली.’ नंतर त्यानं चार ग्लास पाणी प्यायलं. ही माणसं तोंडावर वाईट म्हणत नाहीत, त्यामुळे पानात काय उरलं तेच बघावं लागतं. बरंच उरलं होतं.

एक नायजेरियाचा मुलगा मात्र तिसऱ्यांदा आला. म्हणाला, यात मिरची वाढवता येईल का? त्याला मी घरून नेलेला ठेचा दिला. पोळीला लावून खाल्ला पठ्ठ्यानं. हो, पोळ्या केल्याच होत्या, फक्त पंधरा. भुसावळकर, हसू नका.

---

आचाऱ्याचा_पोरगा | १७ जानेवारी, दुपारी १:२५

मावशी, वडील धरणगाव-एरंडोल भागात लग्नाची कामं घ्यायचे. त्यांचा नियम होता की शेव पातेल्यात जायचीच नाही. आधी ताटात शेव, वरून रस्सा. पंगत दहाची असो की हजाराची.

दुसरं, आपल्या हाताला पाच माणसांचं प्रमाण बसलेलं असतं. चाळीस म्हणजे आठपट, पण तिखट-मीठ आठपट टाकू नका. पाचपट टाका, चव बघा, मग वाढवा. मोठ्या पातेल्यात रस्सा आटतो कमी. वडील तिखटाचा डबा स्वतःच्या पायाजवळ ठेवायचे, कोणाला हात लावू देत नसत.

---

सुशिक्षित_बेकार | १७ जानेवारी, दुपारी २:०२

चर्चमध्ये आचारी कशाला व्हायचं पण? तिकडे मंदिरं नाहीत का?

---

केळीबाग | १७ जानेवारी, दुपारी ३:१५

आहेत. पण भुकेली पोरं माझ्या घराच्या कोपऱ्यावर या केंद्रात येतात.

---

संपादक मंडळ | १७ जानेवारी, दुपारी ३:४०

हा धागा पाककृतीचा आहे. विषयाला धरून लिहा.

---

केळीबाग | २४ जानेवारी, सकाळी १०:३०

काल भरीत. तुम्ही म्हणाल, हौस फिटत नाही बाईची. पण जानेवारी महिना, घरी बहीण-भावजय शेतात भरीत पार्ट्या करतायत, कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे फोटो पाठवतायत. मला राहवेना.

इथली वांगी काळी-जांभळी, चकचकीत. आपलं भरताचं हिरवट-पांढरं, पातळ सालीचं वांगं कुठे मिळणार? असो. पंधरा मोठी वांगी ओव्हनच्या वरच्या जाळीखाली लावली. साल जळायला लागली आणि धूर निघाला. मला काय आनंद झाला! म्हटलं, आला वास. खिडकी उघडायचं डोक्यातही आलं नाही, धूर वाया जाईल ना.

तेवढ्यात छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. सगळी इमारत रिकामी करायचा इथे नियम आहे. चाळीस पोरं, पाळकसाहेब, वरच्या खोलीत विणकाम करणाऱ्या सात म्हाताऱ्या, सगळे बाहेर पावसात. मी एप्रनमध्ये, हातात चिमटा. एका म्हातारीनं तिची छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि विचारलं, ‘काय शिजवताय?’ मी म्हटलं, वांगं. ती म्हणाली, ‘अजून?’

आत आलो तर एक वांगं फुटून ओव्हनभर झालेलं. टोचायची विसरले होते. बाकीची वरून कोळसा, आतून कच्ची. शेवटी मुलांनी टोस्ट खाल्ले. मला कोणी शब्दानं बोललं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

---

तापीकाठ | २४ जानेवारी, सकाळी ११:१२

‘अजून?’ 😂😂 ताई, त्या आजीला भरीत पार्टीला बोलवा.

---

बडगी_मुसळी | २४ जानेवारी, दुपारी १२:४५

मी टोरंटोत राहते, यातून गेले आहे. वांग्याला काट्यानं आठ-दहा भोकं पाडा, तेलाचा हात लावा, २२० अंशांवर पाऊण तास, मधल्या कप्प्यात. गर मऊ होतो, साल सुटते. लसूण-हिरवी मिरची तव्यावर चांगली डागाळेपर्यंत भाजून ठेचा, भरपूर कांद्याची पात घाला. धुराचा वास येणार नाही. तो हट्ट सोडा. ते आपल्या मातीतलं वांगं आहे, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. इथे जे होतं त्याला मी घरात ‘वांग्याची चटणी’ म्हणते, म्हणजे मन दुखत नाही.

---

यावल_एक्सप्रेस | २५ जानेवारी, सकाळी ८:२०

दोन मोठे ओव्हन आहेत आणि अजून कोणी बट्टी सुचवली नाही? वरण-बट्टी करा! जाडसर कणकेत थोडं मक्याचं पीठ, ओवा, तेलाचं मोहन. गोळे करून ओव्हनमध्ये भाजा.

---

भुसावळ_जंक्शन | २५ जानेवारी, सकाळी ८:३३

भाजायची ती बाटी. राजस्थानची. आपली बट्टी आधी उकडायची, मग कापून तळायची.

---

यावल_एक्सप्रेस | २५ जानेवारी, सकाळी ८:४०

आमच्याकडे शेतात गोवऱ्यांवर भाजतात. शेत राजस्थानात नाही.

---

भुसावळ_जंक्शन | २५ जानेवारी, सकाळी ८:४४

शेतातली गोष्ट वेगळी. भंडाऱ्यात भाजलेली बट्टी दाखवा एकदा.

---

आचाऱ्याचा_पोरगा | २५ जानेवारी, सकाळी ९:३०

दोघंही बरोबर आहात, पण मावशींना तळण झेपणार नाही आणि तळलेली बट्टी तुपाशिवाय घशाखाली उतरत नाही. शिवाय गहू आणि तूप, दोन्ही त्या यादीत. मावशी, मी एक विचारू? तुमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी काय असायचं?

---

केळीबाग | २५ जानेवारी, सकाळी ९:५०

घरी? संध्याकाळी आपल्याकडे काय असतं, खिचडी. पण ती काय वाढायची वस्तू आहे का? पाहुण्याला खिचडी घातली तर गावभर होईल.

---

आचाऱ्याचा_पोरगा | २५ जानेवारी, सकाळी ९:५४

पोरं पाहुणे आहेत का?

---

वॉर्ड_नंबर_सात | २५ जानेवारी, रात्री ८:१५

मी इथल्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करते. खिचडी करणार असाल तर भाताबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. आपण घरी रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देतो, ते इथे मुळीच करायचं नाही.

वाढेपर्यंत खिचडी ६३ अंशांच्या वर गरम ठेवा. किचनमध्ये टोचायचा थर्मामीटर असेल, मागून घ्या. उरलेली पसरट ट्रेमध्ये काढून तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. नाहीतर सरळ टाकून द्या, जीव कळवळला तरी.

---

केळीबाग | ३१ जानेवारी, दुपारी १२:१०

काल खिचडी केली. सविस्तर लिहिते, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोपातून प्रमाण विचारलंय.

चाळीस जणांना तांदूळ अडीच किलो, तुरीची डाळ सव्वा किलो. डाळ दुपारीच भिजत घातली. कुकर नसल्यानं डाळ-तांदूळ एकत्र टाकायचे नाहीत, तांदूळ फुटतात आणि डाळ टचटचीत राहते. आधी फोडणीत डाळ अर्धी शिजवली, मग तांदूळ टाकले. पाणी एकूण साडेबारा लिटर लागलं. एवढं पाणी विजेच्या शेगडीवर उकळायला जन्म गेला असता. पण चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या पाण्याचा मोठा तोटीवाला बंब असतो, सदा उकळता. तोटी सोडली, पातेलं भरलं. या एका बंबानं माझा पाऊण तास वाचवला.

फोडणी जिरं, सहा गड्ड्या लसूण ठेचून, दीड किलो कांदा, हळद, आणि चमचाभरच काळा मसाला, वासापुरता. शेंगदाणे नाहीत. लसूण तेलात पडला आणि टेबल टेनिसचा आवाज थांबला. दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. शेवभाजीच्या वेळी खोकत पळाले होते, तेच.

सोबत कढी. दूध-दही न खाणाऱ्या पाच जणांना टोमॅटोचं सार. उडदाचे पापड ओव्हनमध्ये भाजले, एका मिनिटात ट्रेभर फुलतात. ठेचा वेगळ्या वाटीत, त्यावर चिठ्ठी. नायजेरियाचा मुलगा ती वाटीच घेऊन बसला.

आपण खिचडीवर कच्चं तेल घेतो ते मी सूर्यफुलाचं ठेवलं होतं. त्याला ना वास ना चव, पण सवयीनं ठेवलं. एका इंग्रज मुलीनं तेलाकडे बघितलं, खिचडीकडे बघितलं, मग फ्रिजमधून टोमॅटो केचप आणलं आणि खिचडीवर गोल गोल पिळलं. मला बघवेना. ती दुसऱ्यांदा आली, पुन्हा केचप. तिनं विचारलं, हे तुमच्याकडे सणाला करतात का? मी म्हटलं, छे ग, काहीच करायचा कंटाळा येतो तेव्हा करतात. ती हसली. म्हणाली, ‘त्या दिवशी आमच्या घरी टोस्टवर बीन्स असतात.’

पातेल्याच्या बुडाशी खरवड राहिली होती. ती खरवडून खायला तीन पोरं भांडली. खर्च अठ्ठावीस पौंड. उरलेल्या पैशांत केळी आणली आणि ओटाभर सालं काढून शिकरण केलं. आयुष्य केळीच्या बागेत गेलं आणि इथे इक्वाडोरचं लेबल लावलेली केळी सोलतेय.

बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणते, एवढं विमानानं जाऊन खिचडीच टाकलीस?

---

आचाऱ्याचा_पोरगा | ३१ जानेवारी, दुपारी १२:३०

🙏 खरवडीसाठी भांडण झालं म्हणजे पास.

---

भुसावळ_जंक्शन | ३१ जानेवारी, दुपारी १२:५१

केचप.

मी आज जेवणार नाही.

---

नवापूर_सरहद्द | २ फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताई, धागा उशिरा सापडला. मी नवापूरकडचा, ख्रिस्ती. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मंडळ्या आहेत, चिंचपाड्याचं मिशनचं रुग्णालय तुम्हाला माहीत असेल. तुमचं वाचून आमची नाताळची पंगत आठवली. देवळाच्या अंगणात बसायचो, डाळ-भात वाढायला आम्ही पोरं, आणि पाळकसाहेब शेवटी जेवणार.

एक सुचवतो. मार्चच्या सुरुवातीला तिकडे उपवासकाळ सुरू होईल. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, रविवार सोडून. इंग्लंडमधल्या बऱ्याच चर्चमध्ये त्या काळात मुद्दाम साधं जेवण ठेवतात, नुसतं सूप आणि पाव, आणि वाचलेले पैसे मदतीला देतात. तुम्हाला सांगतील त्याआधीच तयारीत राहा.

---

केळीबाग | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

भाऊ, अगदी हेच काल बाई सांगत होत्या! मी त्यांना एकादशीचं सांगितलं, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हेही सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, वेफर्स. बाई ऐकतच राहिल्या. म्हणाल्या, मग उपास कसला? आता याला काय उत्तर द्यायचं.

सूप म्हणून आपलं पातळ वरण चालेल ना? लसणाची फोडणी, वरून कोथिंबीर, लिंबू.

---

बडगी_मुसळी | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

पळेल. पण तुरीऐवजी मसूर घ्या, भिजवायला नको, वीस-पंचवीस मिनिटांत गळते. गहू न खाणारं कोणी असेल तर त्याच्यापुरती कळण्याची भाकरी टाका. ज्वारी आणि उडीद, दोन्हीत गहू नाही. पीठ मात्र बंद पाकिटातलं घ्या, गिरणीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आणि एखाद्या गुरुवारी फुणके-कढी. डाळी वाटून उकडायच्या, तळण नाही, गहू नाही. हिंग बघून घाला एवढंच.

---

केळीबाग | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:००

काल पुन्हा खिचडीच झाली. मी फुणके ठरवले होते, पण मंगळवारी केंद्रातल्या फळ्यावर कोणीतरी ‘गुरुवार: किचरी’ लिहून ठेवलं होतं. बावन्न जण आले. डाळ दीड किलोच्या वर लागली, पातेलं काठोकाठ, ढवळताना बाहेर सांडत होतं.

कुणाला माहीत आहे का, इथे तीस लिटरचं पातेलं भाड्यानं कुठे मिळतं? ॲल्युमिनियम चालेल, शेगड्या साध्या विजेच्याच आहेत.

---

लंडनचा_जामनेरकर | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:२२

काकू, जवळच्या गुरुद्वारात विचारा. लंगरची भांडी असतात, मागितली तर देतात. नुसतं पातेलं नका मागू, झाराही मागा.